लादी बसण्याआधी गरम पाण्याचं ठरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणपतीआधी जुनी घरं दुरुस्तीला काढणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवडे मजकूर आला. कौलं उतरवून पत्रा घालावा का, चिऱ्याची भिंत उघडी ठेवावी की गिलावा करावा, ओटीला कुठली लादी शोभेल, हे सगळं मी मन लावून वाचलं. न्हाणीघराबद्दल त्यात एवढंच होतं, की गिझरसाठी एक पॉइंट काढून ठेवावा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. असाच एक पॉइंट काढून ठेवल्यावर आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ नये, असं मला फार वाटतं.

गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. आमचं घर आगरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, समुद्राची गाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर. मागीलदारी विहीर, विहिरीला लागून न्हाणी, न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा. हंड्याला बाहेरून राखेचा लेप, खाली नारळाची सोडणं म्हणजे सालपटं, करवंट्या, झावळ्या. घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी पिढ्यान्‌पिढ्या त्या एका हंड्यावर झाल्या. २०१७ साली सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. पावसात मागीलदारच्या पायऱ्या उतरून न्हाणीत जाणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून माजघरालगतच्या बाळंतिणीच्या खोलीत संडास-बाथरूम करून घेतलं. ठेकेदाराने महिन्याभरात भिंती, लादी, नळ सगळं पुरं केलं. मुलगा मे महिन्यात डोंबिवलीहून आला तो १५ लिटरचा गिझर घेऊनच. जागा उरली होती ती फ्लशच्या टाकीच्या बरोबर वर. तिथे तो टांगला.

पुढच्या एप्रिलअखेरीस एक दिवस सासूबाई अंघोळ करून आल्या आणि म्हणाल्या, "अगो, नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात." वयामुळे, पडल्यामुळे येत असतील असं मी धरून चालले. चार दिवसांनी पुन्हा तेच म्हणाल्या. तेव्हा मी स्वतः ओल्या हाताने गरम पाण्याचा नळ धरला आणि कोपरापर्यंत झिणझिणी आली. त्या चार दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

गावातल्या जुन्या वायरमनना बोलावलं. त्यांनी पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॅटचा साधा बल्ब काढला. एक टोक फेजला, एक न्यूट्रलला लावलं, बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलचं टोक काढून प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगला लावलं. बल्बातली तार नुसती लालसर झाली, उजेड पडलाच नाही. अर्थिंग नीट असेल तर दोन्ही वेळा बल्ब सारखाच पेटायला हवा. ते काही न बोलता उठले आणि घराच्या कडेने अर्थिंगची तार धरून मागे गेले. वळचणीखाली कातळात जेमतेम हातभर खोल भोक पाडून त्यात लोखंडी पाइप ठोकलेला होता. कोळसा नाही, मीठ नाही, मातीसुद्धा नाही. त्यांनी विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणून त्या भोकात ओतायला लावलं आणि मला आत बल्ब बघायला पाठवलं. पाणी मुरलं तसा बल्ब जरासा उजळला.

आपल्याकडच्या जांभ्याचं हे असं आहे. पावसाळ्यात तो ओलाचिंब असतो तोवर वीज जमिनीत उतरून जाते. एप्रिल-मेमध्ये तोच दगड ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंग नावापुरती राहते. गिझर मात्र बारा महिने तोच. अर्थिंगची आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, पण स्वतःच्या घरचा खड्डा मी त्या दिवशी प्रथम पाहिला. नवा खड्डा आम्ही विहिरीच्या सांडपाण्याच्या पाटाजवळ, पोफळींच्या ओल्या मातीत, आठ फूट खोल काढला आणि कोळसा-मिठाचे थर देऊन भरला. मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. पेटीत एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. एमसीबी तारेला जपतो, भार जास्त झाला की पडतो. माणसाच्या अंगातून जाणारी वीज त्याच्या हिशेबी फार थोडी असते, तिच्यासाठी तो पडत नाही. आरसीसीबी जाणारी आणि परतणारी वीज ताडून बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. घरातल्या इतर कुठल्याही वस्तूपेक्षा गिझरला त्याची गरज जास्त आहे, कारण तिथे वीज, पाणी आणि उघडं अंग एकत्र येतात.

ही झाली विजेची गोष्ट. दुसऱ्या वर्षी भिंतीला ओल आली. गरम पाण्याची नळी ठेकेदाराने साध्या पांढऱ्या पीव्हीसीची टाकून वर लादी बसवली होती. पीव्हीसी थंड पाण्याचं. ६० अंशांच्या पाण्याने ते मऊ पडतं आणि सांधा सुटतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर लागतं. किमतीतला फरक एका न्हाणीघरामागे फार नसतो, पण तो लादी बसायच्या आधी मोजायचा असतो. आम्ही नंतर मोजला, तेव्हा लादी फोडण्याची, चिरा टोचण्याची आणि पुन्हा लादीची मजुरी त्यात मिळवावी लागली.

२०२० च्या पावसात गिझरची टाकीच खालून गळायला लागली. तीन वर्षं पुरी झाली होती. दुरुस्तीला आलेला माणूस पाणी खारं असल्याने हमी लागू नाही म्हणून निघून गेला. मी गावातल्या मुलाकडून गिझर उतरवून घेतला आणि अंगणात उघडायला लावला. काय झालं ते डोळ्यांनी पाहायचं होतं. कॉइलवर बोटभर जाड पांढरा-पिवळा थर होता, नखाने टवका निघेल असा. आणि मॅग्नेशियमचा दांडा जिथे असायला हवा तिथे काडीएवढी एक लोखंडी तार लोंबत होती. दांडा पूर्ण विरघळून गेला होता.

हा दांडा कशासाठी असतो ते इथल्या मच्छीमारांना चटकन कळेल. ट्रॉलरच्या पंख्याजवळ, सुकाणूजवळ जस्ताच्या वड्या बोल्टने बसवतात. खारं पाणी आधी त्या वड्या खातं, तोवर पंखा वाचतो. वड्या झिजल्या की नव्या लावायच्या. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हीच युक्ती सुचवली होती. काचेचा लेप दिलेल्या गिझरच्या टाकीत ते काम मॅग्नेशियमचा दांडा करतो. तो आहे तोवर पाणी त्याला खातं, तो संपला की टाकीला धरतं. म्हणजे दर वर्षी-दीड वर्षाने तो काढून बघायचा आणि अर्ध्याच्या वर झिजला असेल तर बदलायचा. दांडा नवा घातला असता तर टाकीही टिकली असती. पण आमच्या गिझरचा दांडा खालून निघणारा होता आणि खाली फ्लशची टाकी होती. तो बाहेर ओढायला हात-दीड हात मोकळी जागाच नव्हती. गिझर सगळ्यात शेवटी घरात आला, त्याचा हा परिणाम.

म्हणून २०२३ साली उरलेलं सगळं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा मी प्रथम पाण्याचा विचार केला आणि मग बाकीचा. मुलाने मुंबईतल्या ओळखीच्या माणसाकडून आराखडा करून आणला होता. त्यात स्वयंपाकघर एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला होतं. मी वही घेऊन बसले.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. आमच्या विहिरीचं पाणी बाराही महिने २७ अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला ४२ पुरतं. म्हणजे वाढवायचे अंश फक्त १५. २० लिटरच्या बादलीला ३०० किलोकॅलरी, म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट. थंडीत महाबळेश्वरच्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते तेवढी आपल्याला लागत नाही, आणि शहरात खपतो तो गिझर डोळे मिटून आणायची आपल्याला गरज नाही. १५ लिटरच्या गिझरमधलं ६० अंशांचं पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळलं की ४२ अंशांचं ३३ लिटर होतं, २५ लिटरचं ५५ लिटर. घरात रोज माणसं किती, ती एकामागून एक अंघोळ करतात की सावकाश, एवढं विचारलं की आकार कळतो. आम्ही रोजची तीन माणसं. आम्हाला २५ लिटर पुरून उरतो.

विजेचा दाब हा याच हिशेबाचा दुसरा भाग आहे आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. संध्याकाळी आमच्याकडे दाब कधीकधी १८० व्होल्टपर्यंत उतरतो. दाब कमी झाला की कॉइलची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २००० वॅटचा गिझर १८० व्होल्टला सव्वाबाराशे वॅटचा होतो. पहिल्या गिझरवर मी घड्याळ लावून पाहिलं होतं. सकाळी १७-१८ मिनिटांत दिवा विझायचा, संध्याकाळी अर्धा तास लागायचा. टाकीच्या गिझरला हे चालतं, जरा आधी बटण दाबायचं. टाकी नसलेल्या, पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या ३ किलोवॅटच्या गिझरची मात्र यात पंचाईत होते. पूर्ण दाब असला तरी तो मिनिटाला तीन लिटरच्या आतच अंघोळीचं पाणी देतो, आणि १३ अँपिअर ओढतो. जुन्या घरातल्या बारीक तारांवर आणि ढिल्या सॉकेटवर असा भार टाकू नये. त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी ४ एमएमची तांब्याची तार हवी. ती भिंतीत घालायची वेळ गिलाव्याआधीची.

आता पाण्याचा गुण. विहीर बंदराकडच्या अंगाला असेल तर मे महिन्यात पाणी मचूळ होतं, हे आपण सगळे जिभेने ओळखतो. गिझर ठरवायच्या आधी मी पाणी दोनदा तपासून घेतलं, एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचे तपासणी संचही आलेले आहेत, त्यांचा उपयोग करावा. आमच्या विहिरीत क्लोराइड डिसेंबरात लिटरला ७० मिलिग्रॅम होतं, मेमध्ये ४१०. कठीणपणा १२० वरून ३३० वर गेला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडला २५० आणि कठीणपणाला २०० ही इष्ट मर्यादा आहे. एकच विहीर, एकच वर्ष, आणि दोन वेगळी पाणी. फक्त डिसेंबरचा कागद पाहिला असता तर मी स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा गिझर घेतला असता. स्टेनलेस स्टील गोड्या पाण्याला उत्तम आहे, पण गरम पाण्यात क्लोराइड वाढलं की जोडकामापाशी त्याला ठिपक्यांसारखी भोकं पडतात. मेचा कागद पाहून काचेचा लेप आणि मॅग्नेशियमचा दांडा असलेली टाकी घेतली. बाहेरचं कवच पत्र्याचं घेतलं नाही, प्लॅस्टिकचं घेतलं, कारण खाऱ्या हवेत रंगवलेला पत्रा दोन पावसांत फुगतो.

आणि भिंत. चिऱ्यात नुसता फास्टनर ठोकला तर तो धरत नाही, चिरा भुसभुशीत असला तर हाताने निघून येतो. २५ लिटरचा गिझर पाण्याने भरला की पस्तीस किलोच्या वर जातो आणि तो माणसाच्या डोक्यावर टांगलेला असतो. आम्ही दुरुस्तीतच त्या जागचे दोन चिरे काढून काँक्रीटचा ठोकळा ओतून घेतला आणि बोल्ट त्यात रोवले. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

सौर बंबाबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, विज्ञानाच्या बाई म्हणून. मला तो मनापासून आवडतो, आणि तरी माझ्या घरावर मी तो बसवला नाही. आगरातल्या घरावर सकाळी दहापर्यंत माडांची सावली, तीननंतर पुन्हा माडांची सावली. शिवाय नारळ पडतो तो उंचावरून पडतो. शेजारच्या आळीत एका घरी नारळ उतरवणारा पाडेली माडावर असताना एक नारळ निसटला आणि काचेच्या चार नळ्या गेल्या. वानरांचं वेगळंच. ज्यांचं घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, मोकळ्या उन्हात आहे, त्यांनी मात्र सौर बंबाचा विचार पहिल्यांदा करावा. माझी नणंद तशी राहते. तिच्याकडे १०० लिटरचा आहे, ऑक्टोबर ते मे विजेचं बटण लावावं लागत नाही. पाणी मचूळ किंवा कठीण असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्यावा. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पेटीचा घेतला तर आत क्षार बसून त्या बुजतात. काचेच्या नळीत क्षार तळाला बसतो, नळी काढून धुता येते. तोंड दक्षिणेला हवं आणि थंड पाण्याची टाकी बंबाच्या टाकीपेक्षा उंच हवी. कौलांवर एवढं वजन ठेवता येत नाही, न्हाणीघरावर छोटा स्लॅब घालणार असाल तर त्याची ताकद आधीच ठरवून घ्या. सौर बंबाला केंद्राचं अनुदान मिळायचं ते २०१४ साली बंद झालं. आता पंतप्रधान सूर्यघर योजनेत जे मिळतं ते छतावर वीज तयार करण्यासाठी मिळतं, पाणी तापवायच्या बंबासाठी नाही. दोन्हींचा घोळ करून लोक अर्ज घेऊन फिरताना मी पाहिले आहेत.

एक गोष्ट सौर बंब बसवणारे सहसा सांगत नाहीत. बंब घराच्या एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असला की मधल्या नळीतलं गार पाणी आधी वाहून जातं. अर्धा इंची नळीत मीटरला जवळपास पावणेदोनशे मिलिलिटर पाणी असतं. २२ मीटर नळी म्हणजे चार लिटर. सहा माणसं वेगवेगळ्या वेळी अंघोळीला गेली तर २४ लिटर पाणी मोरीत. ज्या गावात मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, तिथे हे पाणी मोजलं पाहिजे. नणंदेने नळाखाली बादली ठेवून ते पाणी भांड्यांना वापरायची सवय लावली आहे. मुलाने आणलेला आराखडा मी बदलायला लावला तो याच कारणासाठी. आता स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून आहेत, मधल्या भिंतीवर गिझर, दोन्हीकडे नळी दोन-दोन मीटर.

गॅस गिझरबद्दल मी कळकळीने सांगते. स्वस्त पडतो, विजेची चिंता नाही, म्हणून आमच्या भागात तो वाढतो आहे. जुन्या न्हाणीला कौलं होती, वाशांच्या फटी होत्या, धूर आणि वाफ आपोआप निघून जायची. नव्या बाथरूमला स्लॅब आहे आणि खिडकीला सरकती काच, पावसात ती कायम बंद. अशा खोलीत गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होत जातो, जळणं अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. माणसाला गळून गेल्यासारखं होतं आणि दाराची कडी काढायचं त्राण राहत नाही. तरुण, धडधाकट माणसं अशा बाथरूममध्ये गेलेली आहेत. गॅस गिझर घ्यायचाच असेल तर तो घराबाहेर, उघड्या पडवीत लावा आणि आत फक्त पाण्याची नळी घ्या. बाथरूमच्या आत तो नको, जाळीची खिडकी असली तरी नको.

घरगुती निवासाचा धंदा करणाऱ्यांनी हीट पंप जरूर बघावा. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात टाकतो, आणि एका युनिटात सुमारे तीन युनिटांचं काम करतो. आपली हवा उबदार आणि दमट, त्याला ती मानवते, भर पावसातही तो चालतो. महाग आहे, आणि समुद्राच्या वाऱ्यासमोर ठेवला तर त्याच्या बारीक पात्या खाऱ्याने झडतात, म्हणून घराच्या आडोशाला ठेवून अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा लागतो. तीन माणसांच्या घराला तो परवडत नाही.

आणि आमची न्हाणी. ती पाडून तिथे पार्किंग करायचं ठरत होतं. मी पाडू दिली नाही. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. भावाच्या घराची कौलं गेली, सौर बंब अंगणात येऊन पडला, आणि वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत पडलेल्या माडांच्या झावळ्या वाळवून त्यांनी जुन्या न्हाणीतच पाणी तापवलं. घरात दोन महिन्यांचं बाळ होतं.

गणपतीत आमच्याकडे १४ माणसं असतात. १४ बादल्या, पाच युनिटांच्या जवळ. २ किलोवॅटचा गिझर त्यासाठी अखंड अडीच तास चालायला हवा, दाब उतरला तर चार तास, आणि आरती नऊला. त्या पाच-सात दिवसांसाठी १०० लिटरचा गिझर घेऊन वर्षभर तो तापत ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत हंडा चढतो. सोडणांना नाहीतरी आगरात काय तोटा आहे? न्हाणीचा ओटा उंच करून घेतला, पायरी मोडून उतार केला, कडेला धरायला पाइप लावला आणि चुलीवर पत्र्याचं धुराडं काढलं. पूर्वी पाणी तापवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर जायचा, तो आता वर जातो. हे धुराडं सासूबाई सून म्हणून आल्या तेव्हाच व्हायला हवं होतं.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली, पुरवणीत घरदुरुस्तीवर पुन्हा लिहाल तेव्हा वायरमन आणि प्लंबर यांना लिहायला सांगा. निदान बल्बने अर्थिंग तपासायची रीत चित्रासह छापा आणि ती माहीतगार वायरमनकडूनच एप्रिल-मेमध्ये करून घ्यावी असं ठळक लिहा, कारण पावसाळ्यात केलेल्या तपासणीत आमचीसुद्धा अर्थिंग चांगलीच दिसली असती. दुसरी, तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना कातळावरची अर्थिंग आणि गिझरचा दांडा बदलणं, ही दोन कामं गावात नेऊन शिकवावीत, असं आपण अग्रलेखातून मांडावं. गावात गिझर शेकड्यांनी लागले आहेत आणि दांडा बदलणारा माणूस गाठायला चिपळूणला फोन करावा लागतो.

एक लिहायचं राहिलं. गिझरच्या सुरक्षा झडपेतून पाणी तापताना थेंब थेंब गळतं. ती गळती नसते. पाणी तापलं की फुगतं, २५ लिटरमागे साधारण पेलाभर, आणि जादा पाणी तिथून निघून जातं. पहिल्या गिझरच्या वेळी प्लंबरने लादी ओली होते म्हणून त्या तोंडाला बूच मारलं होतं. आपल्याकडेही कुणी मारलं असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर गिझरची वीज बंद करा, पाणी गार होऊ द्या, आणि ते बूच आजच काढून तिथे छोटी नळी लावून मोरीत सोडा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी

(पत्र छापल्यास नाव देऊ नये, ही विनंती.)